मफिसा म्हणजे चारायला नव्हे

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष आणि शेतकरी संघाचे प्रमुख श्रीयुत बोथमा साहेब. दोन देशांमधल्या मोहोकारे नदीच्या पुलावर दोन तास रांगेत उभं राहून पलीकडून आलेल्या, लेसोथो पोलिसांच्या इन्स्पेक्टर म्मे मात्सेपो. मंचावरचे इतर मोठे पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते वॉरंट ऑफिसर न्ताते नोर्त्ये आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी. समोर बसलेले शेतमालक आणि मालकीणबाई. आणि खुर्च्या संपल्यामुळे मागं भिंतीला टेकून उभे असलेले माझे गुराखी भाऊबंद, तुम्हां सगळ्यांना खोत्सो. शांती असो.

अध्यक्षसाहेबांनी मला दोन मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनाही दोनच दिली होती असं ऐकतो. तेव्हा मी निर्धास्त आहे.

माझं नाव त्सिएत्सी सेखोबे. नाव पुकारलं तेव्हा मागचे भाऊबंद का हसले, ते शेतमालकांना कळलं नसेल, म्हणून सांगतो. त्सिएत्सी म्हणजे संकट. मी जन्मलो त्या वर्षी डोंगरावर बर्फ पडून आमच्या मेंढ्या मेल्या, म्हणून हे नाव. आता संकटाला माइकसमोर उभं केलंय म्हटल्यावर लोक हसणारच.

शाळा चौथीपर्यंत. मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरी अजून एकमत नाही. पुढं वेसेल्स फार्मवर बाबांच्या हाताखाली गुरं राखली. नंतर दगडाची खाण केली, बेकरी केली, आता इथून दोन दिवसांच्या वाटेवर समुद्रात मासेमारीच्या बोटीवर आहे. आई म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी बांधूनच तू आलास." खरं आहे. पण आज मी नोकरी बदलायला आलेलो नाही. पत्रिकेत छापलंय, 'शेतमजुरांच्या वतीने मनोगत', आणि ते मनोगत मी बसमध्ये लिहून आणलंय. अक्षर हललेलं आहे, कुठं अडखळलो तर रस्त्याला दोष द्या.

न्ताते नोर्त्ये पाच वर्षांपूर्वी गुरंचोरी रोखायच्या पथकात आले. त्याआधी तीस वर्षं बंदरावरचे पोलीस. आयुष्यभर जहाजं आणि पेट्या बघितलेला माणूस. पहिल्या दिवशी वेसेल्स फार्मवर आले आणि माझ्या बाबांना, न्ताते सेखोबेंना, त्यांनी विचारलं, "हा बैल दिवसाला दूध किती देतो?"

बाबांनी टोपी काढली आणि, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं न्ताते म्हणून, फार आदरानं सांगितलं, "न्ताते, हा मनाला येईल तेव्हा देतो."

म्मे नोर्त्ये, म्हणजे त्यांच्या बाईसाहेब, हसताहेत. म्हणजे ही गोष्ट घरी सांगितली गेलेली आहे. असा माणूस विरळा, जो स्वतःवरचा विनोद घरी नेतो. आणि हेही सांगतो की पहिल्याच वर्षात हा माणूस नुसत्या खुरांच्या ठशांवरून गाभण गाय ओळखू लागला.

ते यायच्या आधी काय होतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. चोर तीन तासांत कळप नदीपार करायचे. आपले पोलीस नदीपर्यंत जायचे, तिकडचे नदीपर्यंत यायचे. कायदा मधल्या पाण्यात पाय ओले करून परत फिरायचा. मग मालक बंदुका घेऊन पलीकडं जायचे, आणि पलीकडचेही काही हात जोडून उभे नसायचे. ज्याची गाय गेली त्यानं दुसऱ्याची आणायची, त्यानं तिसऱ्याची. यात माणसं किती गेली? दोन्ही काठांवरच्या आयांना विचारा.

मग या दोघांनी, न्ताते नोर्त्ये आणि म्मे मात्सेपो यांनी, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पुलाच्या मधोमध भेटायचं ठरवलं. एकाकडं थर्मास, दुसरीकडं चोरीला गेलेल्या गुरांची यादी. मालकीचा कुठला डाग कुणाचा, कानाला खाच कुठं, सगळं एकमेकांना सांगायचं. बंदूक नाही, आरडाओरडा नाही. मागचे वक्ते म्हणाले ते बरोबर आहे, दुसऱ्या वर्षी साठ-सत्तर गुरं पुलावरून चालत घरी आली. माझ्या मामाची दोन पलीकडून चोरून इकडं आणलेली होती, ती परत तिकडं गेली. मी स्वतः हाकलली. हे काम खरं होतं. माझं पुढचं बोलणं ऐकताना कृपा करून हे विसरू नका.

कारण या कामाची सुरुवात ज्या पहिल्या यशापासून झाली, त्याचा फोटो मागच्या भिंतीवर लावलाय. मोठा करून. दोन देशांचे पोलीस हात मिळवताहेत, मधे दोन गायी, एक तांबडी आणि एक कपाळावर चांद असलेली. आणि डाव्या कडेला, फोटोत अर्धाच आलेला, बेड्या घातलेला म्हातारा. ते माझे बाबा.

अध्यक्षसाहेब, घड्याळाकडं बघू नका. दोन मिनिटं संपली हे मला कळलंय. थोडं सांभाळून घ्या.

त्या गायी बाबांना मिळाल्या कशा? वेसेल्स फार्मचे जुने मालक ऊम दानी, म्हणजे दानीकाका, यांना इथं सगळे ओळखायचे. त्यांचे चिरंजीव, आताचे मालक, पहिल्या रांगेत आहेत. त्यांना मी मानानं नमस्कार करतो. एका हिवाळ्यात चोर फार्मवर आले. बाबांनी फाटक सोडलं नाही. चोरांनी त्यांचा हात कोपरातून मोडला, पण कळप गेला नाही. ऊम दानी दवाखान्यात आले आणि म्हणाले, "सेखोबे, त्या दोन कालवडी तुझ्या घरी घेऊन जा. मफिसा."

मफिसा शब्दाला मागच्या रांगेत कुणाला अर्थ विचारावा लागणार नाही. पुढच्या रांगांसाठी सांगतो. ज्याच्याकडं गुरं आहेत त्यानं, ज्याच्याकडं नाहीत त्याला गाय द्यायची. त्यानं ती आपल्या घरी न्यायची. दूध त्याचं, शेण त्याचं, नांगराला जुंपायची ती त्यानं. गाय मात्र देणाऱ्याची, अंगावरचा डागही देणाऱ्याचाच राहतो. कागद नसतो. साक्षीला सगळं गाव असतं. देणारा मोठा होतो आणि घेणारा लहान होत नाही. ऊम दानी गोरे खरे, पण आमच्याच पोरांत खेळून वाढलेले, त्यांना हा शब्द आईच्या दुधाइतका माहीत. त्यांनी दोन्ही कालवडी स्वतःच्या गाडीत घातल्या, स्वतः गाडी चालवत पुलावरून पलीकडं आमच्या गावी आणल्या, आणि आईच्या हातचं आल्याचं सरबत पिऊन परत गेले.

पुढं न्ताते नोर्त्ये आले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक फार्मवर जाऊन गुरांची नोंद सुरू केली. कशासाठी? पलीकडच्या पोलिसांना पक्की यादी देता यावी म्हणून. कल्पना उत्तमच होती. ऊम दानी तेव्हा आजारी, ओसरीवर खुर्चीत. मी डागांची वही धरून उभा होतो, बाबा मोडक्या हातानं गुरं पुढं काढत होते. दोन कमी भरली.

ऊम दानी म्हणाले, "त्या सेखोबेकडं आहेत. मफिसा."

फॉर्म इंग्रजीत होता. न्ताते नोर्त्येंनी पेन थांबवलं. ऊम दानींना खोकला आला होता. म्हणून न्ताते नोर्त्येंनी माझ्याकडं पाहिलं. "मफिसा म्हणजे काय रे?"

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघा, चौथी पास त्सिएत्सीला पोलीस साहेब इंग्रजी विचारतोय. बाबा बघताहेत. मी छाती काढून सांगितलं, "चारायला, सर. चारायला दिल्यात."

त्यांनी लिहिलं, 'चारण्यासाठी, गुराख्याच्या ताब्यात.' ऊम दानींनी सही केली. चष्मा आत राहिला होता.

बाबांनी संध्याकाळी फक्त एवढंच विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"चारायला."

"अर्धाच शब्द सांगितलास," बाबा म्हणाले. "असू दे. मालक आहेत ना."

मालक त्याच हिवाळ्यात गेले. वसंतात फार्मवरून तेवीस गुरं चोरीला गेली. चिरंजीवांनी मोजणी केली, वहीप्रमाणं पंचवीस कमी. त्यांची चूक नाही, ते शहरात शिकत होते, बापानं काय शब्द दिला ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही काठांच्या पोलिसांनी मिळून पहिल्यांदाच एकत्र शोध घेतला. तेवीसचा माग डोंगरात विरला. आणि आमच्या गावात, आमच्या अंगणात, वेसेल्सचा डाग असलेल्या दोन गायी शांतपणे रवंथ करत उभ्या! लपवलेल्या असत्या तर निदान शोधायला कष्ट तरी पडले असते.

म्मे मात्सेपो, तुम्ही त्या दिवशी अंगणात बाबांना विचारलं होतंत, "न्ताते, या मफिसाच्या का?" बाबा म्हणाले, "हो, बाई." तुम्ही न्ताते नोर्त्येंना बाजूला नेऊन सांगितलंही. मी तिथंच होतो. ते म्हणाले, "कोर्ट बघेल." मग कोर्टात तुम्हाला कुणी बोलावलं नाही. बोलावलं नाही म्हणून तुम्ही आला नाहीत. मी तक्रार करत नाही. दुसऱ्या देशाच्या कोर्टात बोलावल्याशिवाय कोण जातं?

कोर्टात न्ताते नोर्त्येंना तीनच प्रश्न विचारले. हे अक्षर आपलं? हो. 'चारण्यासाठी' असं लिहिलंय? हो. 'नदीपलीकडं, घरी नेऊन' असं कुठं लिहिलंय? नाही.

बाबा पिंजऱ्यात म्हणाले, "मफिसा." दुभाष्यानं न्यायाधीशांना सांगितलं, "तो म्हणतो, सांभाळायला." न्यायाधीश म्हणाले, "सांभाळायलाच ना? मग मालकाची गुरं घरी का नेली?" मी उठून ओरडलो की शब्द माझा चुकलाय. मला खाली बसवलं. सरकारी वकील म्हणाले, मुलगा बापासाठी शब्द बदलणारच. बरोबरच आहे. मीसुद्धा तेच म्हणालो असतो.

सात वर्षं. तीन झाली. बाबा चौसष्टचे आहेत, कोपर थंडीत दुखतं, आणि तुरुंगाची दारं गोठ्याच्या दारांसारखीच, वाऱ्याला अडवत नाहीत. आईच्या अंगणात आता काही उभं नाही. गाव तिला 'चोराची बायको' म्हणत नाही, गावाला मफिसा कळतं. पण गावातलं कुणी आता कुणाला मफिसा देत नाही. दुसऱ्याचा डाग अंगणात कोण उभा करेल? आजोबा-पणजोबांपासून चाललेली रीत आमच्या खोऱ्यात एका रकान्यानं बंद पडली. चोर मात्र बंद पडले नाहीत, ते मागच्याच आठवड्यात बोथमा साहेबांच्या अठरा मेंढ्या घेऊन गेले. साहेब, सहानुभूती आहे.

मी आज सकाळी न्ताते नोर्त्येंच्या ऑफिसात गेलो होतो. सरकारी मदतीच्या वकीलबाईंनी एक कागद दिलाय. एकच ओळ. 'मूळ मालकानं मफिसा हा शब्द वापरला होता आणि मी तो चुकीचा लिहून घेतला.' खाली सही आणि पथकाचा शिक्का. तेवढ्यावर खटला पुन्हा उघडू शकतो. वकीलबाई म्हणाल्या, "त्सिएत्सी, निवृत्तीच्या आधी घे. सेवेत असतानाची सही म्हणजे दुरुस्ती. नंतरची सही म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण."

न्ताते नोर्त्येंनी मला बसायला सांगितलं. हा त्यांचा चांगुलपणा.

"किती लांबून आलास?"

"दोन दिवस, न्ताते."

"जेवलास?"

"बसमध्ये."

त्यांनी स्वतःच्या डब्यातला ब्रेड दिला. मग कागद वाचला. बराच वेळ वाचला, एका ओळीला लागतो त्यापेक्षा बराच. म्हणाले, "तो शब्द मला कुणी सांगितला?"

"मी."

"मग माझ्या सहीनं काय?"

"माझ्या सहीला किंमत नाही, न्ताते. तुमच्या सहीला आहे."

ते खिडकीशी गेले. म्हणाले, "तेवीस चोरीला गेली. मी दोन आणली. त्या दोनही चोरीच्या नव्हत्या असं आज लिहून दिलं, तर पाच वर्षं मी काय केलं? उद्या पलीकडचे म्हणतील, यांच्या याद्या खोट्या. इकडचे मालक फोन करायचे बंद होतील, पुन्हा बंदुका काढतील. तुझे बाबा एक आहेत, त्सिएत्सी. पूल सगळ्यांचा आहे."

मी म्हणालो, "पुलावर मागचे तीन गुरुवार कुणीच आलं नाही, न्ताते. तुमच्या जागी अजून कुणाची नेमणूकही नाही. पथकाच्या गाडीला टायर नाहीत. तुम्ही राखताय ते उरलंय कुठं?"

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. नंतर म्हणाले, "दुपारी बघू."

मित्रहो, त्या माणसाच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? बसमध्ये, बोटीवर, मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर सारखं येत नाही. ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. वाईट माणसाला शिव्या देऊन झोप लागते. पण हा माणूस दर डिसेंबरला तुरुंगात बाबांना लोकरीचे मोजे पाठवतो. नाव न घालता. पंजाच्या मापावरून बाबांनी ओळखलं, म्हणाले, "तपासात माझ्या पायाचे ठसे यांनीच तर मोजले होते."

आता तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच न्ताते नोर्त्येंनी किल्ल्या, बिल्ला आणि शिक्का वरिष्ठांच्या हाती दिला आणि आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजतात. त्यानंतर माझं नाव पुकारायच्या जरा आधी त्यांनी पत्रिकेत घालून माझा कागद माझ्याकडं परत पाठवला. नीट घडी घातलेला आहे. मी उघडून पाहिला. वरची ओळ आहे, खालची जागा मोकळी आहे.

नाही, न्ताते, उठू नका. मी तुम्हाला सही मागायला उभा नाही. आता त्या सहीचा उपयोग नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. धाकटे मालक, तुम्हीही बसा. तुम्ही उद्या बाबांना माफ केलंत तरी माफी चोराला असते. म्मे मात्सेपो, तुम्ही डोळे पुसू नका, फोटो काढताहेत.

मी या कागदाचं काय करू तेही मला माहीत नाही. वकीलबाई म्हणतील, पुन्हा अर्ज करू. पुन्हा अर्ज म्हणजे दोन वर्षं. चार उरलीत, त्यातली दोन. बाबांच्या कोपराला हा हिशेब समजावून सांगायचा कुणी? मी सोमवारी परत निघतो. बोट कुणासाठी थांबत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही इथं थांबवत नाही. ज्या खोऱ्यात माझ्या एका शब्दानं बाप आत गेला, तिथं मला श्वास पुरत नाही. म्हणून मी पळतो. आईला भिंगरी दिसते, तिनं तेवढंच बघावं.

तर न्ताते नोर्त्ये, शेतमजुरांच्या वतीनं तुमचे आभार. ज्यांची गुरं परत आली त्यांच्या वतीनं आभार, आणि ते मनापासून आहेत. तुमच्या खांद्यावर आज जे ब्लँकेट घातलं ते आमच्या गावातल्या बायकांनी निवडलंय. आईही निवडायला गेली होती, तिनं निळा रंग सुचवला. म्मे नोर्त्ये, त्यांना आता सकाळी उशिरा उठू द्या. अध्यक्षसाहेब, दोन मिनिटांची वीस झाली, त्याबद्दल दंड असेल तर पुढच्या वक्त्याकडून वसूल करावा. मी फार शिकलेला नाही. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला नको ते लागलं असेल, तर पदरात घ्या. एका शब्दाची माफी मात्र मी तुमच्याकडं मागत नाही, ती द्यायचा अधिकार इथल्या कुणाकडं नाही.

फक्त एक विनंती. उद्या रविवार, भेटीचा दिवस. काचेपलीकडून बाबा कागदाचं विचारणार नाहीत. मला बघताच त्यांना कळेल. ते विचारतील, "नोर्त्येंचा निरोप नीट झाला ना? माणसं आली होती? उठून टाळ्या वाजवल्या?"

बाबांना काही चुकीचं सांगायची मला आता भीती वाटते. म्हणून मंडळी, उठा. न्ताते नोर्त्येंसाठी टाळ्या वाजवा.